ट्रेनिंगची यादी नेमकी बनवतं कोण? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुमच्या कंपनीत ट्रेनिंगला कोण जातं, ते कोण ठरवतं, अन् त्या ट्रेनिंगमुळे पुढे ग्रेड-प्रमोशन मिळतं का. पत्रं, मेल, व्हॉट्सॲप असं भरपूर आलं, नागपूरच्या आसपासच्या बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर, मिहान, अन् उमरेडकडून पण. कंपन्यांची नावं काढली, लिहिणाऱ्यांचीही काढली, कारण बहुतेकांना उद्या सकाळी त्याच गेटमधून आत जायचं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: भाऊ नमस्कार. मी बुटीबोरीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत ऑपरेटर आहे, आयटीआय फिटर, अकरा वर्षं झाली. रोबोट वेल्डिंग अन् कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नवीन सीएनसी मशीन आल्यापासून दरवर्षी पुण्याला ट्रेनिंगला पोरं पाठवतात, पण पाहावं तर तेच ते चार जण. एचआरला विचारलं की आमचा नंबर काहून लागत नाही, तर म्हणतात आपल्याकडे जॉइंट ट्रेनिंग कमिटी आहे, तुमच्या युनियनचे तीन अन् मॅनेजमेंटचे तीन, मिनिट्सवर, म्हणजे मीटिंगच्या नोंदीवर, सगळ्यांच्या सह्या आहेत, आता तुम्ही तक्रार कशाची करून राहिले? युनियनवाल्याला विचारलं तर तो म्हणतो यादी आम्हाला मीटिंगमध्येच दाखवतात, चहा येईपर्यंत सही होऊन जाते. अन् ग्रेड लागायची वेळ आली की मला सांगतात तुझ्याकडे सर्टिफिकेट नाही. काय करावं?
— एक ऑपरेटर, बुटीबोरी

उत्तर: दादा, कमिटीत तीन-तीन माणसं आहेत हे ठीक आहे, पण ती यादी कमिटीत येण्याआधी कुठे-कुठे फिरून आली ते पाहा. बहुतेक कंपन्यांत काय होतं, आर्थिक वर्ष संपता संपता एचआर एक फॉर्म काढते, ट्रेनिंगची गरज ओळखण्याचा, टीएनआय म्हणतात त्याला, तो जातो सुपरवायझरकडे, सुपरवायझर जेवणाच्या सुट्टीत बसून नावं भरतो, तिथून डिपार्टमेंट हेडची सही, मग वर्षाचं कॅलेंडर छापून येतं, पुण्याच्या ट्रेनरची तारीख घेऊन होते, अन् त्यानंतर ते तुमच्या जॉइंट कमिटीपुढे येतं. तेव्हा कमिटीने बोलायचं तरी काय? तिकीटं निघालेली असतात. म्हणजे निर्णय झाला सुपरवायझरच्या टेबलावर अन् कमिटीने मारला शिक्का. तुमच्या युनियनवाल्यांना एवढंच सांगा की कमिटी फॉर्म वाटायच्या आधी बसली पाहिजे, अन् नावं कोणत्या निकषावर निघणार ते तिथे ठरलं पाहिजे. नावं नंतर. निकष आधी.

दुसरी गोष्ट, तुमच्या लाइनवर बोर्डाला स्किल मॅट्रिक्स लटकवलेलं असेल, प्रत्येक ऑपरेटरपुढे प्रत्येक मशीनचा एक गोल, अन् त्या गोलाचे चार भाग. साधारण पद्धत अशी की एक भाग भरला म्हणजे शिकून राहिला, दोन म्हणजे कोणी सोबत असलं तर करतो, तीन म्हणजे एकटा करतो, चारही भरले म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. जा अन् तुमचा गोल पाहा. मला दाट शंका आहे की तो पूर्ण काळा असेल. कारण कस्टमरचं ऑडिट यायचं असतं तेव्हा मॅट्रिक्समध्ये रिकामे गोल कोणालाच नको असतात, मग रातोरात ते भरले जातात अन् ट्रेनिंगच्या अटेंडन्स शीटवर मागच्या तारखांच्या सह्या घेतल्या जातात. आता गंमत अशी की कागदावर तुम्ही पूर्ण तयार, म्हणून ट्रेनिंगची गरज नाही, अन् ग्रेडच्या वेळी त्याच माणसाला सर्टिफिकेट नाही. एकाच कंपनीच्या दोन कागदांत तुम्ही दोन वेगळे माणसं आहात! हे दोन कागद कमिटीत एकाच टेबलावर ठेवायला लावा, उत्तर त्यांना द्यावं लागेल. अन् यापुढे न झालेल्या ट्रेनिंगच्या शीटवर सही करू नका, हे लाइनवरच्या सगळ्यांनी मिळून ठरवलं तरच जमतं, एकट्याने नाही म्हटलं तर तो एकटा दिसतो.

आता कायद्याचं. चार लेबर कोड, म्हणजे केंद्राचे नवे कामगार कायदे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले. त्यातल्या इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडप्रमाणे २० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती असायला पाहिजे, मालकाचे अन् कामगारांचे सारखे सदस्य, एकूण दहाच्या वर नाही, अध्यक्षपद दरवर्षी आलटून-पालटून. तक्रारीचं कारण घडल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज द्यायचा अन् समितीने ३० दिवसांत निकाली काढायचा. तुमची तक्रार वैयक्तिक आहे, इथे बसते. अर्जात चार पोरांची नावं लिहून त्यांच्यावर राग काढू नका, ती पण कामगारच आहेत अन् उद्या त्यांच्याच बाजूला उभं राहून मशीन चालवायची आहे. फक्त मागा: मागच्या काही वर्षांच्या नॉमिनेशनच्या याद्या, निवडीचा निकष, अन् तुमचं स्वतःचं स्किल रेकॉर्ड. गुणवत्ता न पाहता एका गटाला झुकतं माप देणं हे अनुचित कामगार प्रथांच्या यादीत आहे, राज्याच्या १९७१ च्या कायद्यात पण अन् नव्या कोडमध्ये पण, त्यामुळे तुमचा मुद्दा हवेतला नाही. पण कोर्टात ते सिद्ध करायला याच याद्या लागतात, म्हणून आधी कागद.

प्रश्न: आमची हिंगण्यात युनियन आहे, वेज सेटलमेंट म्हणजे पगाराच्या कराराची बोलणी चालू आहे. मॅनेजमेंट म्हणते पगारवाढीचा आकडा जास्त ताणू नका, त्याऐवजी आम्ही कामगारांच्या ट्रेनिंग अन् करिअरसाठी संयुक्त समिती देतो, पण तुम्ही मल्टीस्किलिंगचं, म्हणजे एकाने अनेक मशीनची कामं करायचं, कलम मान्य करा. आमच्यातले जुने लोक म्हणतात अशा समित्या खूप पाह्यल्या, नुसता बिस्किटं खायचा कार्यक्रम असतो. नवीन पोरं म्हणतात घ्या. मी मध्ये अडकलो.
— युनियनचा सेक्रेटरी, हिंगणा एमआयडीसी

उत्तर: जुने लोक खोटं बोलत नाहीत. ही कल्पना आपल्या देशात नवी नाहीच. १९५८ पासून जॉइंट मॅनेजमेंट कौन्सिलची योजना होती, अन् त्या कौन्सिलकडे सोपवलेल्या कामांत कल्याण, सुरक्षा, कामाच्या वेळा यांच्यासोबत व्यवसाय प्रशिक्षण अन् अप्रेंटिस योजना चालवणं स्पष्ट लिहिलेलं होतं. मग १९७५ ला, आणीबाणीत, ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांसाठी शॉप कौन्सिल (एकेका विभागाची) अन् जॉइंट कौन्सिल (सगळ्या कारखान्याची) आल्या, त्यातही कामगारांच्या कौशल्यविकासाचं काम जॉइंट कौन्सिलकडे होतं. १९७६ ला ४२ व्या दुरुस्तीने घटनेत कलम ४३-अ घातलं, उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग. कागदावर आणखी काय पाहिजे? तरी बहुतेक ठिकाणी हे सगळं हळूहळू थंड झालं, कारण या योजनांच्या मागे कायद्याची सक्ती नव्हती, समितीने सुचवायचं अन् मॅनेजमेंटने मानलं तर मानलं. अन् युनियनवाल्यांनाही भांडून मिळवलेलं जास्त गोड लागतं, टेबलावर बसून मिळालेलं सभासदांना दाखवता येत नाही, हेही खरंच आहे ना. जिथे टिकलं तिथे का टिकलं ते पाहा: जमशेदपूरला टाटा स्टीलमध्ये १९५६ मध्ये युनियनसोबत करार करून डिपार्टमेंटपासून वरपर्यंत संयुक्त समित्या बांधल्या, सरकारी परिपत्रकाने नाही, दोघांच्या सहीच्या कराराने. अन् आपल्या शेजारी कोळशात पाहा, वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, खाणीत माणूस कोणत्या कॅटेगरीतून कुठे जाणार याची कॅडर स्कीम असते, ती मॅनेजरच्या मर्जीतून आलेली नाही, जेबीसीसीआय म्हणजे कोळसा उद्योगाच्या द्विपक्षीय समितीतून आलेली आहे. तिथेही तक्रारी आहेत, खंडीभर आहेत, पण निदान शिडी कुठे ठेवली आहे ते सगळ्यांना दिसतं.

म्हणून माझं मत: घ्या, पण पगारवाढीच्या बदल्यात नाही. समिती ही काही रुपयांत मोजायची वस्तू नाही, अन् मॅनेजमेंटला मल्टीस्किलिंग पाहिजे आहे म्हणजे गरज त्यांची पण आहे हे विसरू नका. मल्टीस्किलिंग म्हणजे काय हे करारातच लिहून घ्या, नाहीतर एक माणूस चार मशीन चालवतो, त्या चारही शिकल्याचं त्याला कौतुकाचं सर्टिफिकेट मिळतं अन् पगार एकाच मशीनचा. ते म्हणतील प्रमोशन जागा रिकामी असेल तरच. ठीक आहे, प्रमोशन जागेप्रमाणे, पण स्किल अलाउन्स तर शिकल्यावर मिळालाच पाहिजे, ट्रेनिंग पूर्ण झालं, त्या मशीनवर ठरलेले महिने काम केलं, टेस्ट पास झाली की पुढच्या पगारात. टेस्ट कोण घेणार? तो सुपरवायझर एकटा नको ज्याने नाव सुचवलं होतं. नापास झाला तर पुन्हा संधी कधी, तेही लिहा, अन् नापास झाला म्हणून आहे ती ग्रेड जाणार नाही हे तर ठळक लिहा, आमच्याकडे आलेल्या पत्रांत या भीतीनेच कितीतरी वयस्क कामगार ट्रेनिंगला नाही म्हणून राहिले.

समितीच्या कामकाजाचं कलम बनवताना सगळ्यात जास्त डोकं एकाच वाक्यावर लावा: दोघांचं एकमत झालं नाही तर काय? हे वाक्य नसेल तर बाकी कलमं शोभेची आहेत. जर्मनीत १९७२ चा कारखाना समित्यांचा कायदा आहे, तिथे ट्रेनिंगला कोणाला पाठवायचं यावर कामगारांची समिती अन् मालक यांच्यात जमलं नाही तर प्रकरण एका लवाद मंडळाकडे जातं अन् त्याचा निर्णय दोघांना बांधील असतो. आपल्याकडे तसा कायदा नाही, पण करारात तुम्ही लिहू शकता की मतभेद झाला तर इतक्या दिवसांत प्लांट हेड अन् युनियन अध्यक्ष बसतील, तरी नाही जमलं तर दोघांना मान्य असलेला बाहेरचा माणूस, आयटीआयचा जुना प्राचार्य म्हणा की इंजिनीअरिंग कॉलेजचा कोणी, तो सांगेल. तोवर वादातली नावं सोडून बाकीचं ट्रेनिंग थांबणार नाही. कोरम, म्हणजे किमान हजेरी, दोन्ही बाजूंचा पाहिजे, नाहीतर तुमची माणसं नाइट शिफ्टला असतात तेव्हाच मीटिंग लागते. मीटिंग ड्युटीच्या वेळेत. कागद आठवडाभर आधी. मिनिट्स मराठीत, नोटीस बोर्डावर.

अन् करार कन्सिलिएशन ऑफिसरसमोर, म्हणजे समेट घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, करून घ्या. दोघांनी आपापसात केला तर सही करणाऱ्यांपुरताच राहतो, कन्सिलिएशनमध्ये झाला की सगळ्या कामगारांना लागू होतो, उद्या भरती होणाऱ्यांनासुद्धा.

प्रश्न: सर, मी एमबीए करून नुकतीच कळमेश्वरच्या एका प्लांटला एचआरमध्ये लागली. आमच्याकडे ट्रेनिंगची संयुक्त समिती खरोखर आहे, मॅनेजमेंट पण पॉझिटिव्ह आहे, पण कामगार प्रतिनिधी येतात अन् बसचा रूट, कँटीनची डाळ, बूट याच्यावरच बोलतात. मी एवढं चांगलं प्रेझेंटेशन करते, कोणी एक प्रश्न विचारत नाही. इंटरेस्टच नाही का त्यांना?
— एचआर एक्झिक्युटिव्ह

उत्तर: ताई, डाळ पातळ आहे म्हटलं तर दुसऱ्या दिवशी डाळ घट्ट होते, निदान दोन दिवस तरी. ट्रेनिंगबद्दल त्यांनी मागच्या मीटिंगमध्ये काही म्हटलं होतं, त्याचं काय झालं? जुन्या मिनिट्सची फाइल काढा अन् पाहा, मला वाटतं तिथेच उत्तर सापडेल. माणूस तिथेच बोलतो जिथे बोलल्याने काही हलतं.

अन् प्रेझेंटेशन इंग्रजीत आहे ना? विचारायची गरजच नाही. तुमच्या लाइनवर सावनेर-काटोलची पोरं असतील, छिंदवाडा-बालाघाटची असतील, त्यांच्यापुढे कॉम्पिटन्सी गॅप अन् लर्निंग जर्नी अशा स्लाइड टाकल्या तर ते मान हलवतील अन् बुटांवर येतील, मी असतो तरी बुटांवरच आलो असतो. स्लाइड बंद करा. तीन कागद द्या, मराठी अन् हिंदीत: मागच्या वर्षी कोण-कोण ट्रेनिंगला गेलं, त्यातल्या कोणाचं काम किंवा पगार बदलला, अन् यंदाचं बजेट किती अन् त्यातलं कामगारांवर किती, ऑफिसर लोकांवर किती. हा शेवटचा आकडा पाहिला की बोलणार नाही असा कामगार प्रतिनिधी मी तरी पाहिला नाही. तुमच्या साहेबांना तो आकडा दाखवणं जड जाईल हे मला माहीत आहे. पण तो न दाखवता समिती पॉझिटिव्ह आहे म्हणू नका.

प्रतिनिधींना स्वतःला कोणी शिकवलं का हाही प्रश्न आहे. बजेट कसं वाचायचं, मिनिट्स कशा तपासायच्या, हे कोणी जन्मतः शिकून येत नाही. यासाठी नागपूरकरांना तर लांब जायची गरजच नाही, देशाच्या कामगार शिक्षण मंडळाचं कार्यालय आपल्याच गावात आहे, उत्तर अंबाझरी रोडवर. १९५८ मध्ये सुरू झालेलं, आता त्याचं नाव दत्तोपंत ठेंगडी राष्ट्रीय कामगार शिक्षण आणि विकास मंडळ आहे, ठेंगडी म्हणजे १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ उभा करणारे, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे. या मंडळावर सरकार, मालक अन् कामगार संघटना तिघांचे प्रतिनिधी असतात, म्हणजे तुम्ही ज्या विषयात धडपडून राहिल्या त्याचंच हे मोठं रूप. ते कारखान्यात येऊन पण वर्ग घेतात. त्या रोडने रोज हजारो लोक जातात अन् आत काय चालतं ते शेजारच्यांना पण ठाऊक नसतं, हे आपलं नागपूर! तुमच्या समितीच्या सगळ्या सदस्यांसाठी एकत्र वर्ग मागा, मॅनेजमेंटचे अन् कामगारांचे एकाच बाकावर. तुमच्या प्रॉडक्शन हेडला पण काही गोष्टी तिथे पहिल्यांदाच कळतील.

बस अन् डाळीसाठी वेगळी मीटिंग ठेवा, किंवा सुरुवातीची पंधरा मिनिटं देऊन टाका. ते विषय लहान नाहीत बरं का, सकाळी पाचला घर सोडणाऱ्याला बसचा रूट हा ट्रेनिंगपेक्षा मोठाच वाटणार.

प्रश्न: मी क्वालिटीत आहे, आमच्या विभागात आम्ही बऱ्याच बायका आहोत. ट्रेनिंग एकतर सेकंड शिफ्ट सुटल्यावर असतं नाहीतर पुण्याला तीन दिवस. आम्हाला कोणी विचारत पण नाही, म्हणतात "ताई तुम्हाला कुठे जमणार, लहान लेकरं आहेत". मग लाइन लीडर पुरुषच होतात.
— बुटीबोरी

उत्तर: न विचारता नाव कापणं हे नकार नाही, हे ठरवून वगळणं आहे, फक्त आवाज गोड आहे. समितीकडून एकच नियम करून घ्या: प्रत्येक पात्र बाईला लेखी विचारायचं, अन् नाही म्हणायचं असेल तर ते तिने स्वतः लिहून द्यायचं, तिच्यावतीने सुपरवायझरने नाही. हा एक कागद आला की अर्ध्या नावांचं "जमणार नाही" गायब होतं. उरलेल्यांसाठी ट्रेनर इकडे बोलवा, एका ट्रेनरचं पुणे-नागपूर तिकीट दहा जणींच्या जाण्या-येण्या-राहण्यापेक्षा स्वस्तच पडेल, हा हिशोब मॅनेजमेंटला लवकर समजतो. शिफ्टनंतरचं ट्रेनिंग असेल तर घरापर्यंतची गाडी अन् त्या तासांचे पैसे, दोन्ही करारात. अन् तुमच्या समितीत बाई सदस्य आहे का? तक्रार निवारण समितीसाठी तर कायदाच म्हणतो की बायकांचं प्रमाण कामगारांतल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा कमी नको, मग ट्रेनिंगच्या समितीला तोच नियम लावा म्हणा.

प्रश्न: आम्ही ठेकेदाराकडून आहोत पण काम तेच करतो. संयुक्त समितीत आमचं कोणीच नाही. आम्हाला पण ट्रेनिंग मिळू शकते का?

उत्तर: सुरक्षेचं ट्रेनिंग तर मिळालंच पाहिजे, तिथे कायम अन् ठेक्याचा असा भेद मशीन करत नाही. खाणीत तर १९६६ च्या व्होकेशनल ट्रेनिंगच्या नियमांप्रमाणे ट्रेनिंग झाल्याशिवाय कामावर लावायचंच नाही. बाकी कौशल्याच्या ट्रेनिंगबाबत खरं सांगायचं तर तुमची बाजू कमजोर आहे, कारण करार कायम कामगारांच्या युनियनचा असतो अन् ते तुमचं नाव घेत नाहीत, घ्यायला पाहिजे. हातात असलेल्या कामाचं सर्टिफिकेट नसेल तर आरपीएल नावाची सोय आहे, आधीच येत असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देतात, ते करून ठेवा, ठेका बदलला तरी तो कागद तुमचाच राहतो.

प्रश्न: कंपनी मला मेंटेनन्सच्या मोठ्या ट्रेनिंगला पाठवून राहिली, पण आधी बाँड लिहून मागते, तीन वर्षं सोडायचं नाही नाहीतर पैसे भरा. घरचे म्हणतात बाँड कोर्टात टिकत नाही, करून टाक सही. खरं आहे का?
— आयटीआय इलेक्ट्रिशियन, वय २४

उत्तर: घरच्यांवर विसंबू नको. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या नोकरीचा अन् न केल्यास दोन लाख भरायचा बाँड योग्य ठरवला. म्हणजे बाँड सरसकट रद्द होतो हा गैरसमज आहे. तिथे तो बँकेचा अधिकारी होता अन् सार्वजनिक बँकेची भरती महागडी हा विचार झाला, तुझ्या बाबतीत कोर्ट पाहील की कंपनीने खरोखर किती खर्च केला अन् मागते ती रक्कम वाजवी आहे का. म्हणून सही करण्याआधी दोन गोष्टी घाल: रक्कम खऱ्या खर्चाएवढीच अन् जितके महिने काम केलं तितकी ती कमी होत जाणार, अन् कंपनीनेच काढून टाकलं तर बाँड संपला. ओरिजिनल सर्टिफिकेट कंपनीकडे ठेवायला देऊ नको, कोणी कितीही प्रेमाने मागितलं तरी. तुमच्याकडे संयुक्त समिती असेल तर बाँडचा नमुना तिच्याकडून मंजूर झालेला असावा, प्रत्येक पोराने एकट्याने एचआरच्या केबिनमध्ये बसून वाटाघाटी करायच्या हे काही बरोबर नाही.

प्रश्न: आमच्या युनियनमध्ये विचार चालू आहे की ट्रेनिंगसाठी वेगळा फंडच मागावा, कंपनीने पैसे टाकायचे अन् दोघांनी मिळून चालवायचा. नवीन कायद्यात रिस्किलिंग फंड आला म्हणतात, त्यातून होईल का? नागपूरची एम्प्रेस कापड मिल बंद पडली तेव्हा माझे वडील त्यात होते, म्हणून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.
— मिहान

उत्तर: कायद्यातला फंड वेगळा आहे. तो छाटणी झालेल्या कामगारासाठी आहे, मालकाने त्याच्या शेवटच्या पगाराचे १५ दिवसांचे पैसे भरायचे अन् छाटणीपासून ४५ दिवसांत ते कामगाराच्या खात्यात यायचे. म्हणजे नोकरी गेल्यावर पंधरा दिवसांच्या पैशात नवीन काम शिका. एम्प्रेस १८७७ ला सुरू झाली अन् २००२ ला बंद पडली, तिथे आयुष्य एका साच्यावर, म्हणजे मागावर, काढलेल्या माणसाला पंधरा दिवसांच्या पगारात काय शिकता आलं असतं ते तुम्हाला मी काय सांगू. शिकवायचं ते साचे चालू असताना.

तुम्ही म्हणता तसा फंड अमेरिकेत झाला आहे. १९८२ ला फोर्ड अन् त्यांच्या यूएडब्ल्यू युनियनने कामाच्या दर तासाला पाच सेंट बाजूला काढून कामगारांच्या शिक्षणासाठी संयुक्त कार्यक्रम चालू केला, १९८६ ला एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत युनियनसोबत तशीच संस्था झाली, अन् त्यात कामगाराला आपल्या आवडीचं, कंपनीबाहेर पण उपयोगी पडेल असं शिकायची मुभा होती. सिंगापुरात २०१९ पासून एनटीयूसी, म्हणजे तिथल्या युनियनांचा महासंघ, कंपनीवार ट्रेनिंग कमिट्या बनवून राहिली. पण डेट्रॉइटची, म्हणजे अमेरिकेतल्या गाड्यांच्या शहराची, दुसरी बाजू पण वाचा: क्रायसलर अन् यूएडब्ल्यू यांच्या संयुक्त ट्रेनिंग सेंटरचे पैसे कंपनीच्या अधिकाऱ्यांनी युनियनच्या पुढाऱ्यांवर उधळले, क्रेडिट कार्डं वाटली, महागड्या खरेद्या झाल्या, २०१७ मध्ये गुन्हे दाखल झाले अन् दोन्ही बाजूंची माणसं तुरुंगात गेली. कामगारांच्या शिकण्याच्या पैशातून मालकाने पुढाऱ्याला खूश ठेवलं, म्हणजे जे संयुक्त होतं ते फक्त खाणं होतं.

त्यामुळे वेगळं खातं उघडायची घाई नको. आधी दोन-तीन वर्षं एवढंच मागा की ट्रेनिंगचं बजेट पगाराच्या ठरलेल्या टक्क्याएवढं राहील, खर्च दर तिमाहीला समितीपुढे बिलांसकट येईल, अन् वापरला न गेलेला पैसा पुढच्या वर्षात जाईल, मार्चमध्ये ऑफिसरांच्या रिसॉर्टमधल्या टीम बिल्डिंगवर जाणार नाही. हे जमलं अन् तुमच्या लोकांना बिलं वाचायची सवय लागली की मग फंडाची भाषा करा, अन् तेव्हा बाहेरच्या ऑडिटरची अट पहिल्याच कलमात टाका. समितीच्या सदस्यांना त्या फंडातून भत्ता, मोबाइल, दौरा, काहीही नाही. मीटिंगचा चहा कंपनीच्या कँटीनचा चालेल.